खोके आले, हजेरीचा तक्ता कुठं आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर एक फोटो होता. फ्लूची मोठी साथ आलीच तर पोलिसांची तयारी असावी म्हणून मास्क, हातमोजे, सॅनिटायझरचे खोके आलेले आणि मागं साहेब लोक उभे. खोके पाहून बरंच वाटलं. २००९ च्या स्वाईन फ्लूत आम्हाला रुमाल बांधा म्हणून सांगितलं होतं, त्या मानानं ही प्रगतीच. पण बातमी दोनदा वाचली तरी मी जे शोधत होतो ते काही सापडेना, म्हणून हे पत्र.

मी १९८५ ते २०२१ पोलीस खात्यात होतो. त्यातली बरीच वर्षं हजेरी मास्तर म्हणून काढली. उद्या कोण रात्रगस्तीला, कोण कोर्टात, कोण लॉकअपला, हे संध्याकाळी लिहून लावणारा तो हजेरी मास्तर. ठाण्यात साहेबांच्या खालोखाल शिव्या त्यालाच बसतात. तेव्हा माझा प्रश्न हजेरी मास्तरचाच आहे. साथ ऐन भरात आहे, ठाण्यातली तिसरा हिस्सा माणसं तापानं पडली आहेत, त्या दिवशीचा ड्युटी तक्ता कुणी आजच लिहून ठेवलाय का?

तिसरा हिस्सा हे मी घाबरवायला लिहीत नाही. ब्रिटनच्या सरकारनं २०११ मध्ये फ्लूच्या महासाथीच्या तयारीचं धोरण केलं. त्यात धरलंय की ऐन भराच्या दोन-तीन आठवड्यांत मोठ्या आस्थापनांतले १५ ते २० टक्के लोक एकाच वेळी कामावर नसतील, आणि लहान तुकड्यांत हेच ३० ते ३५ टक्क्यांवर जाईल. तालुक्याचं ठाणं म्हणजे लहान तुकडीच की.

माझ्या एका ठाण्याचं गणित मांडतो. पटावर ४४ माणसं. पाच मुख्यालयाला संलग्न, म्हणजे पगार आमच्या नावावर आणि काम तिकडं. पाच साप्ताहिक सुट्टीवर, चार रजा नाहीतर प्रशिक्षणाला. राहिले ३०. त्यातला एक कोर्ट पैरवी, म्हणजे खटल्यांचं काम बघणारा, एक मुद्देमाल, म्हणजे जप्त माल सांभाळणारा, एक गोपनीय, म्हणजे खबरा काढणारा, तिघं समन्स-वॉरंट, दोघं संगणकावर, दोघं चालक. उरले २०, दोन पाळ्यांत दहा-दहा. त्या दहातून ठाणे अंमलदार, म्हणजे टेबलावर बसून तक्रारी घेणारा, आणि त्याचा मदतनीस, वायरलेसला एक, लॉकअप गार्डला अंमलदार धरून चार. हातात राहिले तीन. बसस्टँड, बाजार, भांडणाचा फोन, हायवेवरचा अपघात, सगळं त्या तिघांवर. आता यातून तिसरा हिस्सा वजा करा. ते तिघंच गेले.

कागदावर हे सोपं दिसतं. मी ते भोगलंय, आणि त्यात माझीही चूक होती.

३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात स्वाईन फ्लूनं देशातला पहिला बळी गेला. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी आमचा एक शिपाई कैदी पार्टीबरोबर, म्हणजे कैदी पोचवायला, येरवड्याच्या तुरुंगात जाऊन आला. ठाण्याचं नाव लिहीत नाही. गणपती बसलेले, बंदोबस्त लागलेला. सकाळच्या हजेरीला तो माझ्या टेबलाला टेकून उभा राहिला. "मास्तर, अंग लई फणफणतंय. सिक पास द्या." म्हणजे आजारपणाची चिठ्ठी. डोळे लाल, ओठ सुकलेले. मी वर न बघताच म्हणालो, "विसर्जन होऊ दे, मग पंधरा दिवस झोप." त्याला आरसीपीच्या, म्हणजे दंगल नियंत्रण पथकाच्या, गाडीत बसवला. पाऊस होता, म्हणून ताडपत्री खाली सोडलेली. आत बारा माणसं, गुडघ्याला गुडघा लावून.

फ्लूची लागण झाली की साधारण दोन दिवसांत ताप चढतो, आणि ताप चढायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला आजार द्यायला लागतो. हे मला तेव्हा कुठं माहीत? चौथ्या दिवसापर्यंत गाडीतले सात जण पडले. ३ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, माझ्याकडं ३१ ऐवजी १९ माणसं होती. ठाणे अंमलदार बावीस तास त्याच खुर्चीत बसला होता. मिरवणुकीत काही झालं नाही, हे आमचं नशीब. तो आजार स्वाईन फ्लूच होता का, ते कधीच कळलं नाही. त्या वेळी सौम्य दुखण्याची तपासणी करायची नाही असाच नियम होता.

आणखी एक गोष्ट पुढं एका सरकारी डॉक्टरांनी सांगितली, ती अजून टोचते. फ्लूचं औषध, ऑसेल्टामिवीर, ताप आल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू झालं तर जास्त गुण येतो. मी "विसर्जन होऊ दे" म्हणालो, म्हणजे नेमके ते ४८ तास खाल्ले. खात्यात आजारी पडणाऱ्याला आपण कामचुकारच समजतो. सिक पास मागणाऱ्याकडं हजेरी मास्तर ज्या नजरेनं बघतो, ती बदलली नाही तर मास्कच्या खोक्यांचा काय उपयोग? लेखी आदेश हवा की साथीच्या काळात ताप घेऊन ड्युटीवर येणं हाच कसूर, आणि ताप कळवून घरी थांबणं ही ड्युटी.

होमगार्डचं तर याहून अवघड. त्यांना भत्ता दिवसावर. आला तर पैसे, नाही आला तर नाही. मग तो बिचारा क्रोसिन खाऊन येतो आणि नाकाबंदीत आपल्या माणसाच्या बाजूला उभा राहतो. त्याला आजारपणाच्या दिवसांचे चार पैसे दिले तर ते खोक्यांपेक्षा स्वस्तच पडतील.

कोरोनातून आपण सगळं शिकलो, असं साहेब लोक म्हणतात. थोडं शिकलो, थोडं चुकीचंही शिकलो. एप्रिल २०२० च्या अखेरीला मुंबईत ५५ वर्षांवरच्या पोलिसांना घरी थांबायला सांगितलं, ते बरोबरच होतं. मी तेव्हा ५७ चा, मलाही रस्त्यावरून काढलं. पण फ्लूची चाल वेगळी असू शकते. १९१८ ची साथ, जिला आपल्याकडं जुनी माणसं मानमोडी म्हणायची, तिनं वीस ते चाळीस वयाची धट्टीकट्टी माणसं नेली. २००९ चा फ्लूही तरुणांना सोडत नव्हता. बंदोबस्ताला आपण ज्यांना पुढं घालतो तेच हे वय. गरोदर बाईला तर फ्लू फारच वाईट. आता भरतीत महिलांना ३० टक्के आरक्षण आहे, ठाण्या-ठाण्यात मुली आहेत. त्यांचं काय, हे तक्त्यात आधीच लिहिलेलं पाहिजे. नुसती वयाची यादी काढून भागणार नाही.

मानमोडीची आठवण निघालीच आहे म्हणून सांगतो. १० जून १९१८ ला मुंबईत सात पोलीस शिपाई तापानं दवाखान्यात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर नेमणुकीला होता. देशातल्या त्या साथीची पहिली नोंद म्हणून याच सात जणांकडं बोट दाखवतात. साथ दारातून आत येते तेव्हा दाराशी उभा असतो तो शिपाई.

आणि मग तोच ती घरी नेतो. २०२० मध्ये शेजारच्या हिंगोलीत काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतलेल्या राज्य राखीव दलाच्या जवानांमध्येच कोरोना मोठ्या संख्येनं निघाला. यात जवानांचा दोष नाही, बंदोबस्ताची पद्धतच तशी. तुळजापूरच्या नवरात्राला मी किती वेळा गेलोय. चार जिल्ह्यांची माणसं एका मंगल कार्यालयात, सतरंजीला सतरंजी लावून, एकच पाण्याचा ड्रम आणि त्यावर साखळीनं बांधलेला एकच पेला. एकजण खोकायला लागला की रात्रभर अख्खा हॉल जागा. साथीत हे असं चालणार नाही. एका जिल्ह्याची माणसं एका खोलीत, तीच टोळी, तीच गाडी, तीच पाळी, आणि एका टोळीतला माणूस दुसरीत घालायचा नाही. हजेरी मास्तरला याचा राग येईल, कारण मोकळी जागा दिसली की माणूस टाकायचा ही त्याची सवय. माझीही होती.

एका माणसाच्या कामांचं कुणी बोलतच नाही. मुद्देमालवाला पडला की खोलीची चावी कुणाकडं? कोणत्या पोत्यात कोणत्या गुन्ह्याचा माल, हे त्याच्या डोक्यात. २०२० मध्ये मी घरी बसलेला, तर पोरं मला फोन करायची: "काका, ते खुनातलं कोयतं कुठल्या रॅकला?" मी पोलीस लायनीतल्या क्वार्टरच्या पायरीवर बसून सांगायचो, डावीकडून दुसरं कपाट, खालचा कप्पा, गोणपाटात. मी नसतो तर? चालक, वायरलेसवाला, संगणकावरचा, या प्रत्येकाच्या जागेवर दोन-दोन माणसं आतापासून बसवून शिकवायला काय लागतं? दुपारचे दोन तास, आठवड्यातून एकदा.

मग कोणती कामं थांबवायची, हेही आज ठरवा. साधे समन्स थांबतील. सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेऐवजी नोटीस देऊन भागतं, कायद्यातच सोय आहे. लॉकअपमध्ये माणूस कमी तर गार्डवरचा ताण कमी. आणि ज्याला अटक करावीच लागेल त्याला ताप असला तर ठेवायचा कुठं? आमच्या ठाण्यात एकच कोठडी होती. २००९ ला एक खोकणारा आरोपी आम्ही रेकॉर्ड रूममध्ये फायलींच्या गठ्ठ्यांमधे बसवला आणि गार्डला दारात स्टूल टाकून दिलं. यापेक्षा बरी युक्ती सुचली नाही.

तसंच लायनीचं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आई-बाप, बायको, दोन पोरं. आजारी शिपाई वेगळा झोपणार कुठं, गच्चीवर? कोरोनात आमच्या लायनीत बायकांनी दाराबाहेर निरम्याची बादली ठेवली होती. वर्दी तिथंच उतरवायची, मग आत. त्यांचं नियोजन खात्यापेक्षा बरं होतं, एवढं नक्की.

लसीबद्दल थोडक्यात. नव्या फ्लूची लस हातात यायला सहा महिन्यांच्या आसपास लागतात, तोवर पहिली लाट येऊन जाते. तरी दरवर्षी पावसाळ्याच्या आधी साधी फ्लूची लस पोलिसांना द्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये निम्मं ठाणं शिंकत असतं ते तरी कमी होईल, आणि कुणाला मधुमेह, कुणाला दमा, ही यादी आपोआप तयार होईल.

आमच्याकडं म्हण आहे, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. आतापर्यंतची खात्याची साथीची तयारी याच चालीवर झाली. साहेबांनी खोक्यांशेजारी एकदा तरी हजेरी मास्तरला उभं करावं आणि विचारावं, तिसरा हिस्सा कमी झाल्यावर उद्याचा तक्ता कसा लावशील? तो डोकं खाजवेल. खाजवू द्या.

जाता जाता, त्या शिपायाचं राहिलं. दुसऱ्या दिवशी तो न सांगता घरी निघून गेला आणि मी स्टेशन डायरीला त्याची गैरहजेरी टाकली. चार दिवसांनी त्याची बायको कडेवर पोर घेऊन ठाण्यात आली, तेव्हा तो सरकारी दवाखान्यात सलाईनवर होता. नंतर बरा झाला. ती गैरहजेरी सिक रजेत फिरवून घ्यायला मला पाच अर्ज आणि चार महिने लागले.

आपला,
एक निवृत्त सहायक फौजदार, परभणी
(कृपया नाव छापू नये.)