मोठे ब्रेक बसवावेत की नाही: आई-बाबांना पत्र

टिळकवाडी, बेळगाव

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गाडीच्या ब्रेकचा विषय फोनवर निघाला की बाबांचा आवाज चढतो, दादा गाडीच विकून टाकण्याचा सल्ला देतो आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो, म्हणून हे पत्राने कळवत आहे. बाबांनी मोठ्या ब्रेक-किटचे, म्हणजे मोठ्या डिस्क आणि कॅलिपरच्या संचाचे, पैसे स्वतः देऊ केले आहेत. ते मी घेणार नाही आणि किटही बसवणार नाही. बाबा, तुमचा सारा जन्म उद्यमबागेतल्या फाउंड्रीत गेला असल्यामुळे माझी कारणे तुम्हाला पटवता येतील असे वाटते. आईचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे, त्याचेही उत्तर पुढे देते.

चोर्ल्याचा घाट उतरून केरीच्या बाजूला येताना ब्रेकचे पेडल मऊ पडत गेले आणि करपट वास आला, हे खरे आहे. तो वास माझ्याआधी बाबांच्या लक्षात आला. पण त्या वेळी नेमके काय झाले याचा उलगडा झाल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही. पेडल घट्ट लागते, पाय रोवून दाबले तरी गाडी मात्र आवरत नाही, असे झाले तर चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकतीला, म्हणजे डिस्कला, दाबून धरणारे पॅड तापून त्यांची पकड गेली असे समजावे. पेडल खोल जाते आणि पायाखाली काही लागतच नाही, असे झाले तर नळीतले ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली असे समजावे. ऑइल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर तिथेच संपतो. आपल्याकडे झाले ते हे दुसरे. अर्धा तास गाडी थांबवून ठेवल्यावर पेडल पुन्हा पूर्वीसारखे लागले, हेही त्याच्याशी जुळते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू प्रमाणानुसार किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की तोच १५५ अंशांपर्यंत खाली आला तरी चालतो, असे तेच प्रमाण सांगते. आपल्या जांबोटी-कणकुंबीच्या पावसात वावरणाऱ्या गाडीने हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे यात नवल नाही. ही गाडी, आरएस, मी दुसऱ्या हातची घेतली आणि आधीच्या मालकाच्या सर्व्हिसच्या कागदांत ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद कुठेही नाही. गॅरेजमध्ये ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण काढून ओलावा मोजणारे पेन आत बुडवले, तेव्हा त्याचा तांबडा दिवा लगेच लागला, आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) निपलमधून काढलेले ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचे होते.

आता उष्णतेचा हिशेब. गाडी थांबवायची म्हणजे तिच्या गतीची उष्णता करून ती डिस्कमध्ये साठवायची आणि मग हवेत सोडायची. वेग दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते. माणसे आणि सामानासह आपली गाडी १६०० किलो धरली, तर ताशी १०० किलोमीटरवरून ती एकदा थांबवताना सुमारे ६१७ किलोज्यूल उष्णता होते. तीच गाडी ५०० मीटर उंची उतरली, तर वेग अजिबात न वाढताही सुमारे ७८५० किलोज्यूल कुठेतरी जावे लागतात, म्हणजे १०० च्या वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतके. घाटात हे सारे एका क्षणी होत नाही आणि वाराही लागत असतो, पण सगळा भार पायावर टाकला तर तो डिस्कवर आणि शेवटी ऑइलवरच येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरले, तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेते, आणि तेही फुकटात, कारण अशा वेळी आजची इंजेक्शनची इंजिने पेट्रोल तोडूनच टाकतात. बाबा, फियाट न्यूट्रलमध्ये आंबोली उतरवून तुम्ही पेट्रोल वाचवत होता, तो हिशेब कार्ब्युरेटरबरोबर संपला; दादालाही हे एकदा समजावून सांगा, तो अजून तसेच करतो.

किटविषयी माझी मुख्य शंका अशी आहे. एकदाच करकचून ब्रेक दाबला असता गाडी किती अंतरात थांबेल, हे बहुतांशी टायरच्या पकडीवर ठरते. आताच्या ब्रेकनेही जोरात दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, एबीएस, चालू होते, म्हणजे टायर जितके देऊ शकतो तितके ब्रेक आधीच मागून घेत आहेत. डिस्क मोठी केल्याने रस्त्यावरची पकड वाढत नाही. मोठ्या डिस्कचा फायदा वारंवार ब्रेक लागतात तिथे होतो, कारण उष्णता साठवायला जास्त लोखंड मिळते. माझ्या कारखान्यातला एक सहकारी कोईमतूरच्या करी ट्रॅकवर गाडी पळवायला जातो. तिथे दर फेरीला मोठ्या वेगावरून ब्रेक मारावे लागतात आणि डिस्कला निवायला सवड मिळत नाही, म्हणून त्याने मोठे किट बसवले ते योग्यच केले. मी ट्रॅकवर जात नाही, आणि रस्त्यावर तशी गाडी चालवण्याचा माझा विचारही नाही.

शिवाय किट बसवले की इतर गोष्टी हलतात. पुढच्या कॅलिपरच्या पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले आणि पेडलच्या दाबाने ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर तोच राहिला, तर जास्त ऑइल सरकवावे लागते आणि पेडलचा प्रवास वाढतो. पुढचा जोर वाढल्याने पुढच्या-मागच्या चाकांतली कंपनीने बसवलेली वाटणी बिघडते; मागची चाके आपला वाटा पुरता उचलत नाहीत आणि थांबण्याचे अंतर उलट वाढूही शकते. मला दाखवलेले कॅलिपर आताच्या सतरा इंची चाकांत मावत नाही, म्हणजे अठरा इंची चाके आणि त्यांवर कमी उंचीचे टायर आले, आणि जांबोटीच्या पुढचे खड्डे तुम्ही दोघांनीही पाहिलेले आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करणे अडचणीचे ठरू शकते, आणि विमा कंपनीने दावा अडवला तर केए २२ च्या पाटीखाली कोणाचे नाव आहे, हे सांगायला नको.

भोके पाडलेल्या डिस्कचा आग्रह दुकानदाराने फार धरला होता. त्याबाबत मला तुमच्याच शिकवणीची आठवण झाली, बाबा. ब्रेकची डिस्क बहुधा ग्रे आयर्नची, म्हणजे करड्या ओतीव लोखंडाचीच असते, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता झपाट्याने पसरते आणि कंपही जिरतो. आपल्या डिस्कच्या दोन पाळ्यांमधल्या हवेच्या वाटाही साच्यात कोअर (पोकळी राखणारा वाळूचा गाभा) ठेवूनच ओतलेल्या आहेत. पण ग्रे आयर्न ताणात कमजोर, हे तुम्हीच शिकवले होते. तापणे-निवणे सतत चालले की भोकाच्या काठापासून तडा सुटतो. केवळ दिसण्यासाठी मी ते घेणार नाही. आताच्या डिस्क आमच्या तपासणी विभागातल्या मित्राने मायक्रोमीटरने मोजल्या. काठावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा त्या दीड मिलिमीटरने जाड आहेत, आणि डायल लावून फिरवल्या तेव्हा लचकही आढळली नाही. तडे नाहीत, निळे डागही नाहीत.

आई, तू विचारलेस की ब्रेक कमी पडत असतील तर कंपनी अशी गाडी विकेलच कशी. माझ्या मते कंपनीने दिलेले ब्रेक या गाडीला पुरेसे आहेत, पण ते ऑइल, पॅड आणि टायर वेळच्या वेळी बदलले जातील असे धरून दिलेले असतात. ती अट आधीच्या मालकाने पाळली नाही. तुला भीती वाटणे साहजिक आहे आणि घाटात मागच्या सीटवर बसून तू दांडी घट्ट धरतेस ते मला आरशात दिसते, म्हणून नुसते शब्द देऊन मी हे सोडणार नव्हते.

त्यामुळे ठरवले आहे ते असे. मृग लागायच्या आत जुने ऑइल पूर्ण काढून नवे डॉट ४ भरायचे आणि चारही चाकांच्या ब्रेक-नळ्यांत अडकलेली हवा काढायची. पुढे पॅड नवे घालायचे, पण रेसचे नव्हे, कारण ते तापल्याशिवाय पकडत नाहीत आणि घरून निघाल्यावर पहिल्याच चौकात थंड असताना ब्रेक लागावे लागतात. नवे पॅड नीट बसावेत म्हणून हायवेवर मोकळ्या जागी वेग थोडा-थोडा उतरवत ते आधी रुळवून घेईन. रबरी नळ्या तपासल्या, त्यांना चीर नाही. पुढच्या दोन टायरांवर बनवल्याचा आठवडा आणि वर्ष सांगणारे चार आकडे असतात, त्यांवरून ते जुने झाल्याचे दिसते, तेव्हा ते बदलणार. हा सगळा खर्च चाळीस हजारांच्या आत बसतो. किट, चाके आणि टायर मिळून पावणेतीन लाखांचा आकडा मला सांगितला होता. बाबांना खर्च करायचाच असेल तर टायरांची जोडी त्यांच्याकडून, याला माझी हरकत नाही.

काम झाल्यावर येत्या रविवारी म्हापशाला येते. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये असेल, म्हणून नेहमीपेक्षा उशीर होईल. जेवायला थांबू नका, दादाला तसे सांगा. बाबांनी परतीच्या वाटेवर साखळीपर्यंत माझ्याबरोबर यावे आणि पेडल स्वतः दाबून पाहावे.

तुमची,
धाकटी