ग्रँड कॅन्यनच्या अंधारात भेटलेल्या दुर्बीणवाल्या काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. चेहराही धड दिसला नाही. गळ्यातला लाल दिवा, बोटं उघडी ठेवणारे हातमोजे आणि तुमचा आवाज, एवढीच ओळख. काकू म्हणतेय ते आपलं अंदाजाने. पत्र मराठीत आहे, त्यामुळे ते तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा नाही. पण पुढच्या जूनमध्ये कुणी मराठी माणूस साउथ रिमवर, म्हणजे ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर, दुर्बिणीतून आकाश बघायच्या रांगेत उभा राहणार असेल, तर त्याला तुमच्याबद्दल कळलेलं बरं.

ग्रँड कॅन्यन स्टार पार्टी म्हणजे काय, हे आम्हाला जाण्यापूर्वी नीटसं माहीत नव्हतं. जूनमधल्या आठ रात्री, त्याही अमावास्येच्या आसपासच्या, पार्कच्या प्रवेश फीपलीकडे एक पैसा न घेता हौशी लोक स्वतःच्या दुर्बिणी घेऊन येतात आणि अनोळखी माणसांना आकाश दाखवत उभे राहतात. साउथ रिमची व्यवस्था अ‍ॅरिझोनातल्याच टूसॉन शहराची हौशी खगोलप्रेमींची संस्था बघते. तुम्हीही टूसॉनहूनच आला होतात ना? म्हणजे ती 18 इंची आरशाची अजस्र दुर्बीण सुटी करून गाडीत भरायची, सहा तास गाडी चालवायची, इथे येऊन पुन्हा जोडायची, आणि मग रात्रभर स्वतः त्यातून किती बघायचं? मी तरी तुम्हाला नेम धरण्यापुरतंच डोळा लावताना पाहिलं.

तुमच्या दुर्बिणीपाशी सगळ्यात लांब रांग होती. तुम्ही शौरी तारकासमूहातला एम 13 दाखवत होतात. लाखो ताऱ्यांचा गुच्छ, 25,000 प्रकाशवर्षं लांब. तो तेव्हा जवळजवळ डोक्यावर होता, आणि अशा दुर्बिणीत डोळा लावायची जागा नळीच्या वरच्या टोकाला असते, म्हणून शिडी. सासूबाईंनी शिडी बघितली आणि म्हणाल्या, "तुम्ही बघा, मी इथेच उभी राहते." गुडघ्यांचं त्या कुणाला सांगत नाहीत. तुम्हाला मराठी कळण्याचा प्रश्नच नव्हता, पण एका पायरीवर ठेवून मागे घेतलेला हात तुम्ही बघितलात.

मग तुम्ही रांगेला सांगितलंत, पाच मिनिटं थांबा. शिडी बाजूला केलीत, नळी दोन्ही हातांनी धरून दक्षिणेकडे खाली वळवलीत. नळी आडवी झाली तसं ते टोक खाली आलं, इतकं की तुम्ही तुमची घडीची खुर्ची पुढे सरकवलीत आणि सासूबाई बसून बघू शकल्या. मागे कुणीतरी कुरकुरलं. तुम्ही लक्ष दिलं नाहीत, हे फार बरं केलंत.

दाखवलात एम 4. ज्येष्ठेच्या अगदी शेजारचा गुच्छ, सुमारे 6,000 प्रकाशवर्षांवरचा, म्हणजे अशा गुच्छांमध्ये आपल्या जवळचाच म्हणायचा. बघण्याआधीच तुम्ही स्वच्छ सांगितलंत की फोटोसारखं काही दिसणार नाही, रंग दिसणार नाहीत, आधी नुसतं धुकं वाटेल. हे कुणीच सांगत नाही हो! लोक फोटो बघून येतात, दुर्बिणीत राखाडी ठिपका बघतात, "छान छान" म्हणून पुढे सरकतात.

तुम्ही विचारलंत, काय दिसतंय? सासूबाई म्हणाल्या, धुकं. मी भाषांतर केलं. तुम्ही म्हणालात, थेट बघू नका, नजर जराशी बाजूला ठेवा. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात, त्या कडेला असतात. मग बोटाने नळीला हलकीशी टिचकी मारलीत, कारण फिका ठिपका हलला की पटकन जाणवतो. आणि गप्प राहिलात. ते गप्प राहणं मला सगळ्यात आवडलं. बरंच थांबून सासूबाई म्हणाल्या, "मध्ये ताऱ्यांची एक रांग आहे. उभी." ती रांग खरंच आहे, एम 4 ची खूणच आहे ती, आणि तुम्ही मुद्दाम आधी सांगितली नव्हती. मी भाषांतर केल्यावर तुम्ही टाळी वाजवलीत!

पुढचं तर अनपेक्षितच होतं. त्यांनी खुर्चीतूनच बोट करून अनुराधा, ज्येष्ठा, मूळ अशी विंचवाची नक्षत्रं सांगायला सुरुवात केली, पंचांगातली, लहानपणी अंगणात शिकलेली. तुम्ही हिरवा लेझर काढलात आणि त्या सांगतील तिथे नेत गेलात. रांगेतले लोक ऐकू लागले. इथून विंचू असा क्षितिजाशी लोळण घेतल्यासारखा का दिसतो, असं त्यांनी विचारलं, तेव्हा तुम्ही त्यांना ध्रुवतारा दाखवलात. मुंबई-पुण्याकडे तो क्षितिजापासून जेमतेम 18-19 अंशांवर असतो, इथे 36 वर, म्हणजे त्या त्या जागेचा अक्षांश असतो तितकाच. तो जितका वर चढला तितका विंचू खाली. माझ्या मुलाला अक्षांश शाळेत शिकवलेत, कळले मात्र तिथे.

एक आभार पार्कचेही. तिथे इतका काळोख आपोआप राहिलेला नाही. ग्रँड कॅन्यनला 2016 साली डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, म्हणून तात्पुरती मान्यता मिळाली आणि 2019 साली, राष्ट्रीय उद्यानाच्या शंभराव्या वर्षी, पूर्ण. त्यासाठी किमान दोन तृतीयांश दिवे प्रकाश खालीच पाडणारे असावे लागतात. दिव्यांच्या टोप्या बदलण्याचं हे काम कुणाच्या फोटोत येत नाही. आणि तरीही एका गाडीचे हेडलाइट लागले की डोळ्यांची अर्ध्या तासाची कमाई गेली. त्या रात्री एकदा तसं झालंच. तुम्ही चिडला नाहीत, सगळ्यांना डोळे मिटायला सांगून तेवढ्या वेळात दुसरी गोष्ट सुरू केलीत.

आता मुलगा विचारतोय की सप्टेंबरमध्ये नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानाचा खगोल महोत्सव असतो, तिकडे जायचं का. जाऊ बहुतेक. पण सासूबाईंना ग्रँड कॅन्यनलाच यायचंय, कारण तुम्हाला विचारायचा त्यांचा एक प्रश्न उरलाय आणि तो मला सोडवता येत नाही: एम 4 मधले ते तारे खरोखर एका ओळीत आहेत, की फक्त आपल्याला इथून तसे दिसतात?

आपली,
त्या रांगेतली एक सूनबाई