जुने संगणक किलोवर विकू नका, शाबूत विका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा पाठिंबा थांबवला. विंडोज 11 ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही. त्यामुळे आपल्या शहरातल्या कार्यालयांतून, बँकांतून, कॉलेजांतून आणि कारखान्यांतून धडधाकट चालणारे संगणक बाहेर पडताहेत आणि बरेचसे थेट भंगाराच्या काट्यावर चढताहेत. हे थांबवणं अवघड नाही, म्हणून हे पत्र.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे कापडातच विणल्या जाणाऱ्या नक्षीची, डिझाइनं करते. पडद्यावरचा एकेक चौकोन म्हणजे लूमवरचा धागा उचलायचा की नाही याचा हुकूम. मोराच्या मानेत एक चौकोन चुकला तर तो प्रत्येक टॉवेलवर उमटतो. असं काम तासन्‌तास न अडखळता करायचं म्हणून आमच्याकडे साधे डेस्कटॉप नव्हते, वर्कस्टेशन होती, म्हणजे जड कामासाठी बनवलेले दणकट संगणक. मालकांनी ती बदलली तेव्हा त्यातलं एचपीचं झेड 440 मी रीतसर पावती करून घरी आणलं. अकरावीतल्या माझ्या मुलीने आणि मी मिळून त्याचा गेमिंगचा संगणक केला.

आत काय होतं ते सांगते, कारण भंगारवाल्याला ते दिसत नाही आणि विकणाऱ्या साहेबांनाही बहुधा ठाऊक नसतं. इंटेलचा झिऑन ई5-1650 व्ही3 प्रोसेसर: सहा कोअर, बारा थ्रेड, म्हणजे एका वेळी बारा कामं हाताळणारा. 2014 चा आहे, पण आजही तो आळशी नाही. 32 जीबी रॅम. 2025 च्या अखेरीस रॅमचे भाव कसे कडाडले ते नव्या पेठेतल्या कोणत्याही दुकानात विचारा, म्हणजे या एका गोष्टीची किंमत कळेल. सातशे वॉटचा पॉवर सप्लाय. फक्त ग्राफिक्स कार्ड खेळाच्या कामाचं नव्हतं. क्वाड्रो के620, दोन जीबीचं. डिझाइनच्या रेषा ते नीट दाखवायचं, पण खेळात त्याचा दम निघतो.

झाकण उघडलं तेव्हा प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्या दिसतच नव्हत्या. वर्षानुवर्षं कापसाची तूस बसून बसून तिचा पापडासारखा थर झाला होता. मुलीने तो चिमट्याने एका कडेने उचलला आणि अख्खाच्या अख्खा निघाला. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे नेणारी थर्मल पेस्टही वाळून खडू झालेली. ती पुसून नवी लावली आणि ब्लोअर मारला. तेवढ्यानेच यंत्राचा आवाज निम्म्यावर आला. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढे असताना, ही सफाई केल्याशिवाय कुणीही असल्या यंत्रावर खेळ लावू नये.

कार्ड आम्ही जुनंच घेतलं, एएमडीचं आरएक्स 6600, आठ जीबीचं. ते 132 वॉट घेतं, म्हणजे सातशे वॉटच्या सप्लायला काहीच नाही. त्याला आठ पिनांची वायर लागते आणि झेड 440 मधून सहा पिनांच्या निघतात, तेव्हा चांगल्या प्रतीचं कनेक्टर घ्यावं लागलं. हार्ड डिस्कच्या साटा वायरीतून कार्डाला वीज देणारी स्वस्त कनेक्टर बाजारात मिळतात, ती कृपा करून लावू नका. ती वायर एवढ्या करंटसाठी नसते, जळते. साटा एसएसडी टाकली. विंडोज 11 या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, म्हणून लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजसाठी बनवलेले पुष्कळ खेळ त्यावर चालतात. काउंटर-स्ट्राइक 2 हा खेळ आणि जीटीए फाइव्हचा एकट्याने खेळायचा कथाभाग 1080पी पडद्यावर झकास चालतो. व्हॅलोरंट हा खेळ मात्र लिनक्सवर चालत नाही, हे मुलांनी आधीच लक्षात घ्यावं. सगळा खर्च तीस हजारांच्या आत बसला. यंत्र जुनं आहे, वीज नव्यापेक्षा जास्त खातं, तेही सांगायला हवं.

आता माझी खरी तक्रार. आमच्या गल्लीतल्या पोरांनी हे पाहिलं आणि ती माझ्या मागे लागली, ‘अक्का, आम्हालाही असलंच शोधून द्या.’ त्यांच्याबरोबर मी भंगाराच्या गोदामात गेले. शहरातल्या एका संस्थेची वर्कस्टेशन तिथे रांगेने पडलेली होती, पण एकही पुरं नव्हतं. कुणाचा पॉवर सप्लाय उपटलेला, कुणाची रॅम काढलेली, आणि डिस्क काढताना तिचा ट्रे आणि वायरसुद्धा खेचून नेलेली. साध्या असेंबल्ड संगणकात हे चाललं असतं, तुटलेला भाग बाजारातून आणून लावता येतो. या यंत्रांचं तसं नाही. कंपनीचा पॉवर सप्लाय आणि मदरबोर्डचं कनेक्टर तिचं स्वतःचं असतं, बाजारातला सप्लाय तिथे सरळ बसत नाही. आतला एखादा पंखा गायब असेल तर ते सुरू होतानाच तक्रार करून थांबतं. काढून नेलेली रॅम तरी कुणाच्या उपयोगाची? ती रजिस्टर्ड ईसीसी या सर्व्हर-वर्कस्टेशनच्या प्रकारची असते, घरच्या साध्या मदरबोर्डवर चालतच नाही. म्हणजे ज्याने ती उपटली त्यालाही फारसं काही मिळालं नाही आणि मागे उरलेलं यंत्रही मेलं. मला ते पाहून फार वाईट वाटलं. यंत्र नीट सांभाळून वापरणाऱ्या माणसाला ते वाईट वाटणारच.

संस्थांना डेटाची भीती असते आणि ती रास्त आहे. पण डेटा डिस्कवर असतो. ती काढून घ्या, संस्थेतच ठेवा किंवा नष्ट करा. ट्रे, वायर, सप्लाय, पंखे जागच्या जागी राहू द्या. बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामला, पासवर्ड घातला असेल तर विकण्याआधी तो काढा. नाहीतर घेणाऱ्याला साधी बूटची सेटिंगही बदलता येत नाही. हे काम संस्थेच्या संगणक विभागातला माणूस चहा निवायच्या आत करू शकतो.

दुसरी गोष्ट लिलावाची. शंभर-दीडशे यंत्रांचा एकच लॉट निघाला की तो बाहेरगावचा व्यापारीच उचलतो. पाच-पाच, दहा-दहाचे लॉट करा, म्हणजे इथला दुरुस्तीवाला, एखादा छोटा दुकानदार बोली लावू शकेल. 1 एप्रिल 2023 पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांत दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांची, म्हणजे रिफर्बिशरची, नोंदणी आहे. मोठ्या संस्थांनी ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडेच द्यायचा असतो. म्हणजे मोडीत काढायचाच असेल तरी दुरुस्तीची वाट कायद्याने बंद केलेली नाही. आणि चालू यंत्र शाबूत विकलं तर ते कचरा होतच नाही.

घेणाऱ्या पोरांनाही दोन शब्द. नुसतं ‘झिऑन आहे’ ऐकून पैसे देऊ नका. प्रोसेसरच्या नावापुढे व्ही2 असेल तर त्यात एव्हीएक्स2 हा सूचनांचा संच नसतो आणि काही नवे खेळ त्याशिवाय उघडत नाहीत. व्ही3 पासून पुढचं बघा. कार्यालयांत टेबलावर आडवे ठेवतात ते चपटे डबे स्वस्तात मिळतात, पण त्यांत बुटकंच कार्ड बसतं आणि सप्लायही लहान असतो. तिथे वेगळी वायर न लागणारं, 75 वॉटच्या आतलं जीटीएक्स 1650 चं बुटकं मॉडेल, यापलीकडे जाऊ नका. इंटेलची आर्क कार्डं या जुन्या बोर्डांवर घेऊ नका. रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, नसेल तर ती पुष्कळ मंदावतात.

गेमिंगसाठी एवढं कशाला, असं काही पालक म्हणतील. माझी मुलगी संध्याकाळी तासभर खेळते. त्याच यंत्रावर ती ब्लेंडर हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर शिकते आणि परवा तिने माझ्या एका टॉवेलच्या बॉर्डरचं त्रिमिती चित्र करून दाखवलं. पण ती नुसती खेळली असती तरी मला हे यंत्र वाचवावंसं वाटलंच असतं.

मार्चअखेरीला महापालिका, विद्यापीठ, कॉलेजं, बँका आणि साखर कारखाने जुनं सामान निकालात काढतात. या वर्षीच्या याद्या करताना संगणकांच्या ओळीपुढे ‘भंगार’ लिहिण्याआधी एकदा ते सुरू होतात का बघावं आणि सुरू होणाऱ्यांचा लिलाव वेगळा ठेवावा, एवढी त्यांना माझी विनंती आहे.

कळावे.

आपली,
एक जॅकार्ड डिझायनर,
अशोक चौक, सोलापूर