त्याला ‘कव्हर’ म्हणू नका, प्लीज

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आजच्या जॅझ गायिकांवर लेख आला, आधी तर खूप बरं वाटलं, मराठी पेपरात हा विषय दिसतो कधी! पण त्यात सेसिल मॅक्लोरिन साल्व्हँटच्या ‘वुमनचाइल्ड’ या २०१३ च्या अल्बमला एकच ओळ मिळालीय आणि त्या ओळीत ‘जुन्या गाण्यांची कव्हर्स’ असं लिहिलंय, म्हणजे दुसऱ्याने गाजवलेलं गाणं नुसतं पुन्हा म्हणणं. त्या एका शब्दासाठी हे पत्र लिहितेय. मी ठाण्यात गाण्याच्या क्लासला पेटीची साथ करते, जॅझ माझा विषय नाही, पण हा अल्बम गेली कित्येक वर्षं माझ्या घरात वाजतोय आणि तो शब्द वाचून खरंच वाईट वाटलं.

आपल्याकडे एकच बंदिश पन्नास जण गातात, त्याला कव्हर म्हणतं का कोणी? ‘स्वयंवर’मधलं ‘नाथ हा माझा’ बालगंधर्वांनी गायलं आणि आज शंभर वर्षांनंतरही स्पर्धेला बसलेली मुलगी तेच पद घेते, तेव्हा परीक्षक हेच बघतात ना, की हिने त्यात स्वतःचं काय मांडलं? जॅझमधली ‘स्टँडर्ड्स’, म्हणजे सगळेच गातात-वाजवतात ती ठरलेली जुनी गाणी, त्यांचंही तसंच आहे बघा. त्यातली बरीचशी गाणी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकांतली आणि सिनेमांतली, नाटक पडद्याआड गेलं पण गाणं मैफिलीत राहिलं. या अल्बममध्ये रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीचं ‘आय डिडन्ट नो व्हॉट टाइम इट वॉज’ आहे, ते १९३९ च्या ‘टू मेनी गर्ल्स’ नाटकातलं, आता ते नाटक कोणाला आठवतंय, गाणं मात्र प्रत्येक पिढी नव्याने गाते.

‘व्हॉट अ लिटल मूनलाइट कॅन डू’ तर बिली हॉलिडे या थोर जॅझ गायिकेने १९३५ मध्ये असं काही गाऊन ठेवलंय की दुसऱ्या कोणी हात लावायचीच भीती वाटावी. सेसिल ते सुरू करते तेच ठाय लयीत, पहिला उद्गार असा ताणते की अजून ताल ठरलेलाच नाही असं वाटतं, मुखडा कुठे बांधणार याचा पत्ता नाही, आणि मग एकदम द्रुत! पियानोवर एरन डील, ड्रम्सवर हर्लिन रायली, बासवर रॉडनी व्हिटकर, आणि ती त्या लयीवर अशी बसते की मी पेटी बंद करून नुसती ऐकत राहिले होते. आता यात बिलीची नक्कल कुठे आली सांगा.

पण माझं खरं प्रेम आहे ते अनवट गाण्यांवर. आपल्याकडे जयपूर घराण्याच्या लोकांना जशी अनवट रागांची ओढ, तशी हिची जुन्या, बाजूला पडलेल्या गाण्यांची. अल्बमच बघा कुठून सुरू होतो, तर जुन्या काळची ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिच्या ‘सेंट लुईस गॅल’पासून, सोबत फक्त जेम्स चिरिलोची गिटार. मायामीत १९८९ साली जन्मलेली ही मुलगी, वडील हैतीचे, आई फ्रेंच, पुढे फ्रान्समध्ये एक्स-ऑं-प्रोव्हान्सला शिकली, तिथे बरोक, म्हणजे युरोपातलं जुनं शास्त्रीय गाणं शिकता शिकता एका जॅझ शिक्षकाने तिला हे जुनं भांडार दाखवलं आणि २०१० मध्ये ती थेलोनियस मंक ही जॅझची मोठी स्पर्धा जिंकली. म्हणजे बघा, अमेरिकेचं विसरलेलं गाणं तिला फ्रान्समध्ये जाऊन सापडलं!

त्यात एक गाणं आहे ‘नोबडी’. १९०५ चं, बर्ट विल्यम्स या विनोदी नट-गायकाचं, शब्द ॲलेक्स रॉजर्सचे. विल्यम्स स्वतः काळा माणूस, तरी त्या काळच्या रंगमंचावर त्याला तोंडाला जळलेल्या बुचाची काजळी फासून उभं राहावं लागायचं आणि लोक हसायचे. गाण्याचा अर्थ एवढाच की अडीअडचणीला माझ्या मदतीला कोण आलं, तर कोणीच नाही. माझी आई ८१ वर्षांची आहे, जन्म गेला नाट्यसंगीत ऐकण्यात, इंग्रजी अजिबात कळत नाही. एकदा दुपारी ती मेथी निवडत बसली होती आणि हे लागलं, मी अर्थबिर्थ काही सांगितला नव्हता. दोन कडव्यांनंतर तिने जुडी खाली ठेवली आणि विचारलं, “अगं, ही हसतेय की रडतेय?” मी म्हटलं दोन्ही. तर म्हणाली, “मग परत लाव.” तो ‘कोणीच नाही’चा शब्द येतो ना, तो दर वेळी वेगळ्या वजनाने येतो, कधी थट्टेत, कधी नुसता सांगितल्यासारखा, आणि आईने ते शब्द न कळता पकडलं.

‘यू ब्रिंग आउट द सॅव्हेज इन मी’ हे त्याहून अवघड गाणं. व्हॅलाइडा स्नो या ट्रम्पेट वाजवणाऱ्या कृष्णवर्णीय बाईने १९३५ मध्ये गायलेलं, आणि शब्द असे की काळी बाई म्हणजे रानटी. सेसिल ते साफसूफ करत नाही, जोरात, अगदी रंगून गाते, त्यामुळे आधी आपण ठेका धरतो आणि मग पोटात कालवतं की आपण हे कशावर डोलतोय. जाता जाता एक, ही स्नो १९२० च्या दशकात शांघायला गेली तेव्हा ती ज्या बँडमध्ये होती त्यात पियानोला टेडी वेदरफर्ड होता, तोच पुढे मुंबईच्या ताजमध्ये वाजवायचा आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. इतकी काही ही गाणी आपल्यापासून लांबची नाहीत हो.

आणि इडा फोबेर या हैतीच्या कवयित्रीच्या फ्रेंच कवितेला तर सेसिलने स्वतः चाल लावलीय, शीर्षकगीतही तिचं स्वतःचं आहे. ते कुठल्या कव्हरमध्ये बसवणार?

माझी विनंती एवढीच आहे की पुढच्या वेळी अल्बमबद्दल लिहाल तेव्हा दोन ओळी जास्त द्या पण गाणं कोणाचं, कोणत्या साली आलं, शब्द कोणाचे, साथीला कोण, हे छापा. फोनवरच्या ॲपवर गायिकेच्या नावाशिवाय पटकन काही दिसत नाही, माझ्या क्लासमधल्या मुलांना नाट्यपदांचंसुद्धा तेच झालंय, पद पाठ असतं पण चाल कोणाची विचारलं की गप्प. पेपरात छापलेलं असलं तर निदान कात्रण काढून फळ्यावर लावता येईल, मी आत्ताही लावते.

आपली,
एक जुनी वाचक, ठाणे