कॅसेट माझ्याकडंच होती

सांगली, ८ एप्रिल

बाळ्या,

आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. कॅसेट माझ्याकडंच होती. पंचवीस वर्षं "परत दिली" म्हणून भांडलो, तुझ्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा. २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, ते ओसरल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेतून निघाली. चिखलानं भरलेली. पण बॉलपेननं लिहिलेलं तुझं 'जॉन प्राइन, पोस्टमन' वाचता येत होतं.

तेव्हाच सांगायचं, तर तोंड लपवून बसलो. पुढच्या एप्रिलला तिकडं अमेरिकेत, नॅशव्हिलमध्ये, आपला गायक प्राइन कोरोनानं गेला, ७३ व्या वर्षी. आठ तारखेला सकाळी बातमी वाचली. अख्ख्या सांगलीत त्याच्यासाठी रडणारा मी एकटा. दुसरा तू, पुण्यात, आणि आपलं बोलणं बंद. बाहेर पोलिसांचे दांडके. घरात कुणाला सांगू? "कोण गेलं?" "पोस्टमन." "आपला?"

प्राइन आधी पोस्टमन होता, टपाल टाकता टाकता गाणी रचायचा हे कळल्यापासून गल्लीतल्या पोस्टमनकडं आपण किती आदरानं बघायचो! तो आपला मनिऑर्डरीवर सही मागायचा. आणि १९९८ ला मानेच्या कॅन्सरनंतर प्राइनचा आवाज खर्जात गेला, तेव्हा तू म्हणालास संपला, मी म्हणालो मुरला. ते भांडण मीच जिंकलोय, मान्य कर.

असो. मुद्दा वेगळाच आहे.

गेल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या रेडिओवाल्यानं पाच स्क्रू काढून, फीत धुऊन, दुसऱ्या कॅसेटच्या बॉडीत बसवून दिली. काल लावली. तू दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून, दार लावून भरली होतीस ना? ते म्हाताऱ्यांच्या एकटेपणाचं गाणं, त्यात मध्येच कढईत उलथनं आपटल्याचा आवाज, आणि काकू: "बाळ्या, त्याला विचार, जेवणार का इथंच?" मागोमाग तुझं "श्श्श!"

तिथंच बंद केली. पुन्हा लावायचं धाडस होत नाही, फीत दोन ठिकाणी चुरगळलीय.

काकूंच्या वेळी मी आलो नाही. हरिपूरला संगमावर अस्थी सोडल्यास, तेही दुसऱ्याकडून कळलं. प्राइननं गाण्यात मागितल्याप्रमाणं त्याची अर्धी राख केंटकीतल्या ग्रीन नदीत सोडली, हे तुला टाइप केलं होतं. पाठवलं नाही. कुठल्या तोंडानं पाठवू?

मोबाईलवर भरून पाठवायला एक मिनिट लागेल. पण तू मीटिंगमध्ये असशील, सहज दाबशील, आणि काकू बोलायला लागतील. नको. पोस्टानंही नको, पोस्टमनवर कितीही जीव असला तरी.

माझी शुगर आहे तशीच. लेकीची बारावी झाली ना? वहिनींना नमस्कार.

तू ये. टेपरेकॉर्डर चालू आहे. आणि लेका, तुझ्या त्या "श्श्श"पुढं काहीच ऐकू येत नाही. मी जेवलो होतो का रे त्या दिवशी?

तुझा,
कॅसेटचोर