प्रो. विजापूरकरांचं पण छापा की

संपादक साहेब, नमस्कार.

इंग्रजांनी मराठी पेपरची गळचेपी कशी केली हा विषय कोल्हापुरात निघाला की गाडी थेट टिळक-आगरकरांच्या डोंगरीच्या तुरुंगवासावर जाते, आणि ती शिक्षा १८७८ च्या व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्टखाली झाली असं बिनधास्त ठोकून देतात. परवा एका भाषणात पण तेच. अहो, १८८२ चा तो खटला अब्रुनुकसानीचा होता, आपल्याच संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी घातलेला. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल केसरी आणि मराठात छापलं, ज्या पत्रांच्या भरवशावर छापलं ती बनावट निघाली, चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवस दोघं आत होते. निकाल लागला तोवर व्हाइसरॉय लिटनचा तो प्रेस ॲक्ट पुढच्या व्हाइसरॉय रिपननं रद्दसुद्धा केला होता.

कायदा होता मात्र बेकारच. इंग्रजी पेपरला हात नाही, फक्त देशी भाषेतल्यांना. मॅजिस्ट्रेटनं बॉण्ड मागायचा, डिपॉझिट मागायचं, आणि त्यावर कोर्टात अपीलच नाही! म्हणून तर कलकत्त्याची अमृत बझार पत्रिका रातोरात इंग्रजी झाली.

पण मला बोलायचंय ते विजापूरकरांबद्दल. राजाराम कॉलेजात शिकवणारे विष्णु गोविंद विजापूरकर इथनंच 'ग्रंथमाला' आणि पुढं 'विश्ववृत्त' काढायचे. १९०८ साली विश्ववृत्तात वेदांचे अभ्यासक सातवळेकर यांचा वेदातल्या प्रार्थनांच्या तेजस्वितेवर लेख आला, सरकारला त्यात राजद्रोह दिसला आणि संपादक म्हणून विजापूरकर तुरुंगात गेले. प्रार्थना वेदातल्या, गादी छत्रपतींची, तरी सुटका नाही बघा. त्याच साली टिळकांना मंडाले झालं, ते पोरासोरांना पाठ आहे, हे मात्र राजारामपुरीत उभं राहून विचारा, कोण सांगतंय.

आणि तुरुंगापेक्षा जामिनानं जास्त पेपर मारले असं माझं मत आहे. १९१० च्या प्रेस ॲक्टनं जुन्या छापखान्याकडून ५०० ते ५००० रुपये मागायची सोय केली, तेव्हाचे ५०००! शि. म. परांजप्यांचा 'काळ' तसाच जबर जामीन मागून बंद पाडला. संपादक आत गेला तर दुसरा कोणीतरी अंक काढतो, पण छापखान्याच्या मालकाचं घरदार अडकलं की तोच म्हणतो, नको बाबा.

तर रविवार पुरवणीत विश्ववृत्तावर एक पान द्या. ज्यांच्या माळ्यावर जुने अंक पडलेत त्यांना रद्दीत घालू नका म्हणून पण त्यातच आवाहन करा, लोक तुमचं ऐकतील.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर