चार पुड्या आणि चहाचं पाणी

प्रिय ताई,

स. न. वि. वि.

पार्सलमध्ये चार पुड्या आहेत: हिरवा चहा, उलाँग, काळा चहा आणि फळांचा. यातलं काहीही पातेल्यात घालून उकळू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र.

पहिले तिन्ही एकाच जातीच्या झुडपाचे. हिरव्या चहात खुडलेलं पान लगेच वाफेवर किंवा कढईत तापवतात, म्हणजे ते पुढे काळवंडत नाही. काळ्या चहात तेच पूर्ण काळवंडू देतात आणि उलाँग या दोन्हींच्या मधला. पाणी किती गरम हवं ते यावरच ठरतं. काळ्याला थेट आधणाचं, ९५ ते १०० अंश, ३ ते ४ मिनिटं. उलाँगला ९० च्या आसपास. हिरव्याला मात्र ७५ ते ८० अंश आणि दोनच मिनिटं. हिरवा चहा कडू म्हणून टाकून देणाऱ्यांनी बहुतेक वेळा त्यावर उकळतं पाणी ओतलेलं असतं. फार गरम पाण्यात तुरट, कडू द्रव्यं भराभर उतरतात, आणि पानातली गोडसर चव त्यांच्याखाली दबून जाते.

थर्मामीटर नसला तरी चालेल. उकळलेलं पाणी एका थंड भांड्यात ओत, मग दुसऱ्या. दर ओतण्याला साधारण १० अंश उतरतात, म्हणजे दोनदा ओतलं की हिरव्यासाठी पाणी तयार.

प्रमाण २०० मिलीला २ ते अडीच ग्रॅम. इथे चमचा फसवतो. गोळी केलेला उलाँग एका चमच्यात ३ ग्रॅमच्या वर बसतो, तर फुललेल्या सैल पानाचा तेवढाच चमचा जेमतेम एक ग्रॅम भरतो. पहिल्यांदा काट्यावर तोलून बघ, मग अंदाज येतो. चहा सौम्य वाटला तर पुढच्या वेळी पाती वाढव, वेळ नको. वेळ वाढवली की आधी तुरटपणा वाढतो.

पाती भरून कपात सोडायचा जाळीचा छोटा गोळा मिळतो, तो घेऊ नकोस. उलाँगची गोळी भिजून कितीतरी पट उलगडते. गोळ्यात जागा नसली की मधली पाती कोरडीच राहते. किटलीत सुटी पाती घालावी, झाकण ठेवावं आणि वेळ झाली की सगळंच्या सगळं गाळून घ्यावं. थोडं पाणी तळाशी राहिलं तर ते मुरतच राहतं आणि दुसरा कप बिघडतो. तीच उलाँगची पाती तीन-चार वेळा चालते, दर वेळी अर्धा-एक मिनिट जास्त.

फळांच्या पुडीत चहाचं पानच नाही: सुक्या सफरचंदाचे तुकडे, रानगुलाबाची फळं, संत्र्याची साल, लाल अंबाडीची सुकी बोंडं. त्यामुळे कॅफीन नाही, रात्रीही चालेल. याला नियम उलटा: खळखळतं पाणी, २०० मिलीला ४ ग्रॅम, झाकून ८ ते १० मिनिटं. सुकं फळ आधी पाणी पितं, मग चव सोडतं; तीन मिनिटांत गाळलंस तर नुसतं लाल आंबट पाणी हाती येईल, कारण अंबाडी सगळ्यांत आधी उतरते. दूध घालू नकोस, त्याच आंबटपणाने फाटेल. पाणी जड असेल तर लाल रंग जांभळट दिसतो. तो दोष मिश्रणाचा नाही.

गार चहा प्यायचा असेल तर हिरवा चहा १० ग्रॅम, एक लिटर गार पाण्यात, फ्रिजमध्ये ६ ते ८ तास. कडूपणा जवळपास येतच नाही. मला तर तो असाच जास्त आवडतो. फळांच्या मिश्रणावर मात्र आधी उकळतं पाणी ओतून मगच गार कर. सुक्या फळांवर जंतू असू शकतात.

पुड्या घट्ट झाकणाच्या, उजेड न जाणाऱ्या डब्यांत ठेव, मसाल्यांपासून लांब. चहा शेजारचा वास पटकन ओढतो. फळांचा डबा दर वेळी काढण्याआधी आडवा करून हलव, कारण अंबाडीची बोंडं वर येतात, तुकडे तळाशी बसतात आणि शेवटचा कप नुसता सफरचंदाचा होतो.

तुझा,
धाकटा भाऊ